बालरोगतज्ज्ञ व्हायचे तर गणित सोडू नये

बालरोगतज्ज्ञ होण्याची तयारी अकरावीच्या विषयनिवडीपासून सुरू होते. दोह्यातील सीबीएसई शाळांत शिकून भारतात वैद्यकीय प्रवेश घ्यायचा, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेच. पाचवा विषय ठरवताना अनेक घरांत गणित गळते. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनशास्त्राचे. मग गणिताचा भार कशाला, असा विचार होतो.

हा विचार अपुरा आहे. मुलांच्या औषधाची मात्रा बहुधा वजनावर ठरते. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या मुलाला १२० ते १८० मिलिग्रॅम. दशांशचिन्ह एक घर चुकले की मात्रा दसपट होते. एवढा हिशेब सातवीतला मुलगाही करील, हे खरे. पण बाळाचे वजन-उंची ज्यावर तपासतात ते जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते संख्याशास्त्रावर उभे आहेत. एखादी चाचणी कितपत विश्वासार्ह, हे समजायला संभाव्यता लागते. अकरावीचे भौतिकशास्त्रही कॅल्क्युलसची ओळख नसलेल्याला जड जाते. शिवाय नीटमध्ये अपयश आले तर गणितामुळे अभियांत्रिकीची वाट खुली राहते. सतरा वर्षांच्या मुलासाठी ही सोय छोटी नाही.

पुढचा प्रवास लांब आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षे, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट-पीजी आणि बालरोगशास्त्रात तीन वर्षांची एमडी. नवजात शिशूंचा तज्ज्ञ व्हायचे तर डीएमची आणखी तीन.

कतारमधील मराठी कुटुंबांनी प्रवेशाची एक अट वेळीच जाणून घ्यावी. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी राज्यातूनच उत्तीर्ण असावी लागते. दोह्यात शिकलेल्या मुलासमोर त्यामुळे मुख्यतः १५ टक्के अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठे आणि महागडा एनआरआय कोटा उरतो. कतारमध्येच राहायचे तर २००१ साली स्थापन झालेले वाइल कॉर्नेल मेडिसिन आणि कतार विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाइल कॉर्नेलचा अभ्यासक्रम सहा वर्षांचा आहे. स्त्रिया आणि मुलांसाठीचे सिद्रा रुग्णालयही दोह्यातच आहे.

अकरावीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी पालकांनी मुलासोबत बसून या सगळ्या वाटा पाहाव्यात, आणि त्याला झेपत असेल तर पाचव्या विषयाच्या रकान्यात गणितच लिहावे.