हे नृत्य नव्हे काय?

‘हातपाय न हलवता आठ तास उभे राहणे यास नृत्य म्हणावयाचे, तर आमच्या गल्लीतला विजेचा खांबही नर्तकच ठरेल!’ आमच्या एका सुविद्य स्नेह्यांनी मध्यंतरी हा टोला हाणला. विषय होता इस्तंबूलचा नर्तक व नृत्यदिग्दर्शक एर्देम गुंदुझ याचा. मंडळी हसली, आम्हीही हसलो. पण त्या विनोदाआड दडलेला पूर्वग्रह आपल्या समाजात चांगलाच मुरलेला आहे. नृत्य म्हणजे रंगमंचावरची करमणूक, चौक म्हणजे येण्याजाण्याची जागा आणि दोहोंची सरमिसळ म्हणजे थिल्लरपणा, अशी ही समजूत आहे. तिचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम घडले ते पाहू. २०१३ च्या मे महिन्याच्या अखेरीस इस्तंबूलच्या तक्सीम चौकालगतचे गेझी उद्यान वाचवण्यासाठी लोक जमू लागले. ते उद्यान हटवून तेथे जुन्या उस्मानी बराकीची प्रतिकृती उभारण्याचा सरकारचा बेत होता. १५ जून रोजी पोलिसांनी बळाचा वापर करून उद्यान रिकामे केले. १७ जूनच्या सायंकाळी सहाच्या सुमारास हा नर्तक एकटाच चौकात आला. त्याने पिशवी पायाशी ठेवली, हात खिशात घातले आणि अतातुर्क सांस्कृतिक केंद्राच्या इमारतीकडे तोंड करून तो उभा राहिला. घोषणा नाही, फलक नाही. बराच वेळ त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्षही गेले नाही. पोलिसांनी झडती घेतली, तरी तो उभाच. मग एकेक जण येऊन त्याच्या आसपास उभा राहू लागला. रात्री दोनच्या सुमारास पोलिसांनी चौक मोकळा केला आणि उभे असलेल्यांपैकी काहींना ताब्यात घेतले. पुढल्या काही दिवसांत तुर्कस्तानातील इतर शहरांतही माणसे अशीच उभी राहिली.

आता खांबाविषयी. खांब थकत नाही. त्याला घरी जावेसे वाटत नाही, आणि भीती तर नाहीच नाही. माणसाचे उभे राहणे मात्र क्षणोक्षणी नव्याने करावे लागते. अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन याने नेमके हेच हेरले. स्तब्ध उभ्या देहात तोल सावरण्यासाठी स्नायूंची जी अविरत, सूक्ष्म हालचाल चालते, तिला त्याने ‘लहान नृत्य’ असे नाव दिले. १९६७ सालच्या त्याच्या एका रचनेत माणसे केवळ चालतात, उभी राहतात आणि बसतात. तेव्हा ‘हे नृत्य नव्हे’ हा निकाल देण्यास आपण निदान अर्धशतक उशीर केला आहे! शिवाय, विटेवर उभ्या असलेल्या विठ्ठलाच्या दर्शनासाठी जो महाराष्ट्र पंढरीची वाट तुडवतो, त्याला उभे राहण्याचा अर्थ आम्ही का शिकवावा? क्रुसापाशी मारिया काय करीत होती, असे विचारल्यास योहानाचे शुभवर्तमान एवढेच सांगते की, ती उभी होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘हे निदर्शन होते, त्याला कलेचा मुलामा कशाला?’ असे काहीजण विचारतात. त्यांनी गुंदुझ कोणत्या इमारतीपुढे उभा होता ते ध्यानी घ्यावे. तुर्कस्तानच्या सरकारी ऑपेरा व बॅलेचे ते इस्तंबूलमधील घर. २००८ पासून ते बंद होते. (२०१८ साली ते पाडले गेले आणि २०२१ साली त्या जागी नवे उभे राहिले.) नर्तकांच्या घराला कुलूप आणि नागरिकांच्या चौकात पोलीस, अशा वेळी नर्तकाने उभे राहायचे तरी कोठे? त्या आठ तासांत कला आणि नागरिकत्व यांची फारकत करता येत नाही. ती करू पाहणारा दोहोंनाही दुबळे करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरा आक्षेप आत्मप्रदर्शनाचा. एकट्याने चौकात नाचणे म्हणजे ‘पाहा मला’ असे म्हणणे, अशी आपली समजूत आहे. कराराच्या कोशापुढे भर रस्त्यात नाचणाऱ्या दाविदाला खिडकीतून पाहून मीखलने मनोमन त्याचा धिक्कार केला, तोही याच समजुतीपोटी. परंतु आत्मप्रदर्शन करणारा आपल्या शेजारी दुसऱ्याला जागा ठेवीत नाही. येथे ज्यांना नृत्याचा गंधही नव्हता अशी माणसे शेजारी येऊन उभी राहू शकली. हा ‘स्व’ जागा अडवणारा नव्हता, तर जागा करून देणारा होता. आपले फलक, आपले कर्णे, आपली छायाचित्रे यांनी चौक भरून टाकणाऱ्या आपण सर्वांनी हा भेद मनाशी तपासून पाहावा.

आणि हे उभे राहणे स्वस्तही नव्हते. गेझीच्या आंदोलनावरून उद्योजक उस्मान कवाला यांना एप्रिल २०२२ मध्ये जन्मठेप ठोठावण्यात आली. मोकळ्या जागेचा हक्क केवढ्या किमतीचा असतो, हे आरामात बसून टोले हाणणाऱ्यांना कसे कळावे?

शेवटी थोडे आमच्याविषयी. १९६२ साली न्यूयॉर्कच्या काही तरुण नर्तकांना आपले प्रयोग दाखवण्यास जागा हवी होती. त्यांत पॅक्स्टनही होता. त्यांना दार उघडले ते जडसन मेमोरियल या प्रोटेस्टंट चर्चने. हे वाचताना आम्ही खजील झालो. आमच्या धर्मग्रामाचे सभागृह लग्नाच्या मेजवान्यांसाठी महिनोन्‌महिने आधी राखून ठेवले जाते. दोन वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एका मुलीने आपल्या एकल नृत्याच्या सरावासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी मागितल्या, तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने आम्हीच नकार दिला. आमचे स्नेही निदान उघडपणे हसले. आम्ही मात्र किल्ली खिशात ठेवून गप्प बसलो होतो. ती मुलगी हे वाचत असेल तर तिने पुन्हा यावे.