मीटर चालू आहे!

पूल बांधण्याआधीच त्याच्याभोवती वारा कसा वाहील, हे संगणकावर पाहता येते. त्यासाठीची ‘ओपनफोम’ प्रणाली २००४ पासून फुकट मिळते. खर्च येतो तो दणकट संगणकाचा. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ घडवला, तेव्हा असले बळ मोठ्या संस्थांचेच. आज कॉलेजातला मुलगाही ‘क्लाउड’वर ते भाड्याने घेतो. हा ढग मात्र जमिनीवरच, दूरच्या एखाद्या इमारतीत असतो! टॅक्सी उभी राहिली तरी मीटर पळतो; तसेच गणित संपले, तरी यंत्र बंद करीपर्यंत भाडे चढते. म्हणून आधी लहान गणित करून पाहावे, मग मोठे. आणि एक लक्षात ठेवावे: वाऱ्याचे आकडे आपणच देतो. ते चुकले, तर भाड्याचा संगणक चुकीचेच उत्तर झटपट देईल. पुलावरून जायचे मात्र माणसांना!