अक्षरांची उसनी सावली

गेल्या चैत्रात बडोद्यातील एका संस्थेची निमंत्रणपत्रिका आमच्या घरी आली. नातवाने ती उचलून मोठ्याने वाचली : 'बसत व्याख्यानमाला'. घरातील मंडळी हसली. मला हसू आले नाही. कारण पत्रिका हाती घेताच लक्षात आले, की मुलाने छापलेले होते तेच वाचले होते. मथळ्यातील प्रत्येक अक्षरामागे करडी, धूसर सावली पसरलेली. तिने 'व'च्या पोटात शिरून त्याचा 'ब' केला होता, आणि अनुस्वाराचे टिंब शिरोरेघेला चिकटवून टाकले होते. वसंताचा अनुस्वार असा छापखान्यातच गळाला.

देवनागरी मथळ्याला धूसर सावली देण्याची ही प्रथा आपण बंद केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९८९ साली कॅनडात निघालेली कोरलड्रॉ ही प्रणाली आज आपल्याकडील गल्लीबोळांतल्या छपाईकेंद्रांत नांदते. अक्षरे निवडावी, माऊस किंचित ओढावा, की सावली तयार! रोमन अक्षरे सुटी उभी असतात. त्यांना ती सोसते. गुजराती लिपीलाही शिरोरेघ नाही, त्यामुळे येथल्या कारागिराला आपले काही चुकते आहे असे वाटत नाही. आपली लिपी मात्र एका रेघेला टांगलेली. त्या रेघेची सावली नेमकी अक्षरांच्या अंगावर पडते आणि जणू दुसरी शिरोरेघ उमटते. 'प' आणि 'ष' यांना वेगळे करते ती पोटातली एक तिरपी रेघ; 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यातील भेद तर बराचसा माथ्यावरच्या फटीवर उभा. करड्या धुक्याने नेमक्या याच जागा बुजतात.

गंमत अशी, की या प्रणालीचे खरे वैभव तिच्या रेषेत आहे. अक्षर तेथे गणिती वक्ररेषेने साठवलेले असते; पोस्टाच्या तिकिटाएवढे करा वा फलकाएवढे, कड धारदारच राहते. धूसर सावली मात्र ठिपक्यांचे चित्र असते. साध्या कागदावर एकरंगी छपाईत ते ठिपके पसरतात, आणि त्याच पत्रिकेची झेरॉक्स काढली तर नुसता काळा डाग उरतो.

कोणी म्हणेल, पूर्वीचे पाट्या रंगवणारे पेंटरही सावली देतच होते. देत होते, पण ती ठळक कडेची, एकाच बाजूची, वेगळ्या रंगाची असे, आणि हातभर उंचीच्या अक्षराला असे. तशीच हवी असेल तर कोरलड्रॉच्या २०१८च्या आवृत्तीपासून भरीव सावलीचे स्वतंत्र अवजार आहे. इंकस्केप ही प्रणाली तर विनामूल्य मिळते. तीत अक्षरांची एक प्रत काढावी, तिला फिका रंग द्यावा, मूळ अक्षरांच्या मागे ठेवून जराशी सरकवावी. किती सरकवावी? अनुस्वार आणि शिरोरेघ यांच्यातील अंतरापेक्षा कमीच.

खरे तर एवढ्याचीही गरज नसते. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षके रेखाटली, त्यांत नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातूनच प्रकट होई. ज्यांना वळण घडवण्याचे श्रम नकोत, ते सावली ओढतात.

'शोभा आली' हे उत्तर मला पुरत नाही. आपली नातवंडे गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकतात. हिंदीमुळे देवनागरीची अक्षरओळख त्यांना असते, परंतु मराठी शब्द दिसतो तो बहुधा अशा पत्रिकेवर, स्मरणिकेवर, कार्यक्रमाच्या फलकावर. मोठी माणसे सवयीने 'वसंत' वाचून पुढे जातात. मुलापाशी ती सवय नसते. त्याला जे दिसते तेच त्याच्या लेखी मराठी.

आपल्या पुढील अंकाचे मुखपृष्ठ तयार होत आहे असे समजते. ते छापखान्यात जाण्यापूर्वी संपादक मंडळाने घरातील एखाद्या दहा वर्षांच्या मुलासमोर धरावे, आणि तो काय वाचतो ते लिहून ठेवावे.