रियालचे चोवीस, हाती किती?



आखाती देशातली नोकरी निघाली की आपल्या घरात पहिला प्रश्न येतो, "तिथल्या पैशाचे इथे किती होतात?" कतारचा रियाल 24 रुपयांचा धरू. हजार रियालचे 24,000 झाले. पोरगा इथे 15,000 कमावतो, म्हणजे महिन्याला 9,000 जास्त. एवढ्या हिशेबावर सावकाराचा कागद होतो.

बाबासाहेबांनी 1923 सालच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाच्या खरेदीशक्तीवर भर दिला होता. रुपयात बाजारात काय मिळते, हे आधी पाहा. तोच धडा घरच्या वहीला लावू या.

कतारमध्ये मार्च 2021 पासून किमान वेतन 1,000 रियाल आहे. मालकाने राहण्याची सोय केली नाही तर वर 500 आणि जेवण दिले नाही तर 300 द्यावे लागतात. पण 500 रियालात दोहात खोली मिळत नाही, दहाजणांत एक खाट मिळते. म्हणून खोली आणि जेवण कंपनीचे आहे, असेच धरू. साबण, चहा, फोन, औषध यांना 200 ठेवले तर घरी येतात 800 रियाल, म्हणजे 19,200 रुपये.

आता इकडची बाजू. 15,000 मधून पोराचे स्वतःचे जेवण, पास आणि वरखर्च 4,000 धरला, तर घराला उरतात 11,000. खरा फरक 8,200 चा.

आता कर्ज. एजंटासाठी शेकडा तीन रुपये व्याजाने लाख रुपये उचलले, तर महिन्याला 3,000 व्याज. दोन वर्षांच्या करारात मुद्दल फेडायचे, तर महिन्याला सुमारे 4,170 बाजूला टाकावे लागतात. 8,200 मधून दोन्ही वजा करा. राहतात हजार रुपये! त्यासाठी दोन वर्षे पोरगा घराबाहेर आणि म्हातारी वाटेकडे डोळे लावून.

आणि सरकारी नियम काय सांगतो? परवानाधारक एजंटाला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 घेता येतात. ते दोन वर्षांवर वाटले तर महिन्याला 1,475. मग हाती राहतात 6,700 च्या वर. देश तोच, पगारही तोच. घर बुडवते ते कर्ज.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. एजंटाचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत तपासा. पैशाची पावती घ्या. खोली आणि जेवण कोणाचे, ते करारात लिहून घ्या. आणि हा हिशेब घरातल्या बायांना सोबत घेऊन मांडा. घर कसे चालते, ते त्यांना ठाऊक असते.