नियम हवा, भिंत नको

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि तेथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांवर आभाळ कोसळले. ‘ऑपरेशन गंगा’ राबवून शासनाने त्यांना मायदेशी आणले. खारकीवच्या तोफमाऱ्यात बळी पडलेला कर्नाटकचा विद्यार्थी मात्र जिवंत परतू शकला नाही. जे परतले त्यांचे प्राण वाचले, पण शिक्षण अधांतरी राहिले. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत आम्हांला सामावून घ्या, ही त्यांची मागणी केंद्र शासनाने आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मान्य केली नाही.

या नकाराला निर्दयी म्हणणे सोपे आहे. पण त्याची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. 2024 साली नीट परीक्षेस 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा मात्र लाखाच्या थोड्या पुढे. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत दोन-दोन वर्षे घालवूनही ज्याचा प्रवेश चार गुणांनी हुकला, घरी पैसा नाही म्हणून ज्याला परदेशाचा विचारही करता आला नाही, त्या मुलाला आपण काय सांगणार? परदेशातून फिरून आल्यास गुणवत्तायादी ओलांडता येते, असा संदेश गेला असता तर सर्वांत मोठा अन्याय याच मुलावर झाला असता. म्हणून शासनाची तात्त्विक भूमिका योग्यच होती.

प्रश्न आहे तो पर्यायाचा. सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने युक्रेनी विद्यापीठांच्या तात्पुरत्या स्थलांतर योजनेस मान्यता दिली. शिक्षण अन्य देशात आणि पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच, असे तिचे स्वरूप होते. अखेरच्या टप्प्यातील विद्यार्थ्यांना भारतात महाविद्यालयीन प्रवेशाविना अंतिम परीक्षेचे दोन्ही भाग देण्याची एकच संधी आणि त्यानंतर दोन वर्षांची आंतरवासिता, हा तोडगा सर्वोच्च न्यायालयासमोर निश्चित होण्यास मार्च 2023 उजाडला. म्हणजे युद्ध सुरू झाल्यापासून तेरा महिने! या काळात हजारो कुटुंबे कर्जाचे हप्ते फेडत न्यायालयाच्या तारखा मोजत होती. जो मार्ग अखेर निघाला, तो आधीच नियमांत लिहिलेला असता तर ही ससेहोलपट टळली नसती काय?

देशांतर्गत स्थलांतराची कथाही फारशी वेगळी नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 1997 च्या नियमांत महाविद्यालय बदलण्याची मर्यादित मुभा होती. कारण सबळ हवे, जागा रिक्त हवी, पहिली व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण हवी, एका महाविद्यालयाच्या प्रवेशक्षमतेच्या 5 टक्क्यांहून अधिक स्थलांतरे नकोत आणि एकाच शहरात बदल नको, अशा तिच्या अटी होत्या. अशा सवलतीचा मागल्या दारासारखा वापर होण्याची भीती निराधार नव्हती. परंतु त्यावर उपाय म्हणून 2023 च्या नियमावलीने दारच भिंतीत चिणून टाकले आणि स्थलांतरावर सरसकट बंदी घातली. पुढे एका दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या याचिकेवर 2025 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ही सरसकट बंदी मनमानी ठरवून रद्दबातल केली. दुरुपयोग होतो म्हणून गरजवंतालाही नकार देणे हे प्रशासनाच्या आळसाचे लक्षण आहे, असेच आम्हांला वाटते.

आमचे म्हणणे साधे आहे. गंभीर आजार, अपंगत्व, पालकाचा मृत्यू, महाविद्यालय बंद पडणे, युद्ध वा महामारी ही कारणे नियमांत स्पष्ट नमूद असावीत. स्थलांतर रिक्त जागेवरच व्हावे, खासगी महाविद्यालयातून शासकीय महाविद्यालयात शिरण्याची पळवाट त्यातून निघू नये आणि प्रत्येक निर्णय कारणांसह, ठरावीक मुदतीत जाहीर व्हावा. दार उघडे असावे, पण त्यावर पहारा असावा.

पालकांनीही यातून बोध घेतला पाहिजे. नोव्हेंबर 2021 च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय शिक्षण किमान 54 महिन्यांचे, इंग्रजी माध्यमातून आणि आंतरवासितेसह एकाच संस्थेत पूर्ण झालेले असणे अपेक्षित आहे. मध्यस्थाच्या गोड शब्दांवर विसंबून शेती गहाण टाकण्यापूर्वी हे नियम एकदा तरी वाचावेत.

देशातील एमबीबीएसच्या जागा 2014 मधील सुमारे 51 हजारांवरून दुपटीहून अधिक झाल्या, ही समाधानाची बाब आहे. परंतु जागा वाढवणे हे जसे राज्यकर्त्यांचे काम, तसेच संकटात सापडलेल्या विद्यार्थ्याला न्याय मागण्यासाठी वकील शोधावा लागू नये, हे पाहणेही त्यांचेच काम आहे. उद्या रुग्णांच्या वेदना ज्यांनी समजून घ्यायच्या, त्यांची वेदना आज व्यवस्थेने समजून घ्यायला हवी.