चालतंय ना? मग झालं!

"चालतंय ना? मग झालं!" आमच्या धंद्यात या वाक्याला फार मान आहे. एरवी मीही वाद घालत नाही. पण एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहिती कुलूपबंद करणाऱ्या कोडबद्दल कुणी असं म्हणालं की माझं डोकंच फिरतं.

कुलूप चांगलं आहे हे कशावरून ठरवाल? आपल्या किल्लीने उघडलं यावरून? अहो, बिघडलेलं कुलूपही आपल्या किल्लीने उघडतंच! शेजाऱ्याच्या किल्लीने उघडत नाही ना, हे बघायला हवं. आणि नेमका त्याचाच आपल्याला कंटाळा.

ही हवेतली भीती नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये (गाभ्यात म्हणा) वायरगार्डचा कोड आला. दोन संगणकांमधली ये-जा कुलूपबंद करणारी ही व्यवस्था. मार्च २०२१ मध्ये वायरगार्डचे जनक जेसन डोनेनफेल्ड यांनी तो वाचला, तर खातरजमा करणारी काही फंक्शनं काहीच न तपासता सरळ 'बरोबर आहे' म्हणून मोकळी! म्हणजे रखवालदार येईल त्याला सलाम ठोकतोय. त्यांनी आणखी दोघांना घेऊन आठवडाभरात कोड नव्याने लिहिला. तरीही फ्रीबीएसडीने १३.० मधून वायरगार्ड काढूनच टाकलं आणि २०२३ साली १३.२ मध्ये परत घेतलं. याला मी शहाणपण म्हणतो.

"हा निव्वळ हलगर्जीपणा. कसलेल्या लोकांचं असं होत नाही," असं म्हणणारे भेटतातच. त्यांच्यासाठी लिनक्सची गोष्ट. निरोपात कुणी फेरफार केला नाही ना, हे ताडून बघायला पॉली१३०५ नावाचं गणित वापरतात. २०१५ साली लिनक्सच्या ४.३ आवृत्तीत त्याचा एक वेगवान अवतार आला. त्यात एका ठिकाणी हातचा ३२ बिटांत मावेल असं गृहीत धरलं होतं. काही वेळा तो मावत नसे आणि उत्तर चुके. ठरलेल्या उदाहरणांची उत्तरं मात्र बरोबर! २०१९ मध्ये एरिक बिगर्स यांनी चाचणीची रीतच बदलली. वाटेल तसे आकडे घ्यायचे, वेगवान आणि साध्या अशा दोन्ही कोडला द्यायचे आणि उत्तरं ताडायची. चूक बाहेर आली.

चार वर्षं ते 'चालतच' होतं की!

वेळ जातो, मान्य. पण बाकीचा कोड बिघडला की बोंब मारतो. एन्क्रिप्शन बिघडलं तर पडद्यावर सगळं जसंच्या तसं दिसतं. कळतं ते आधी चोराला. आणि नातेवाईक मंडळींनो, हे फक्त आम्हा संगणकवाल्यांचं दुखणं नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. चुकीची किल्ली, मोडका निरोप, विचित्र आकडा देऊन ज्याने नकार तपासला नाही, त्याचा कोड कर्नलमध्ये घेऊ नये. मग तो कितीही वेगवान असो आणि लिहिणारा कितीही मोठा असो.