पाचशेचे चारशे पासष्ट कसे झाले?

ग्वाल्हेरला नोकरीस असलेल्या आपल्या गावच्या एका तरुणाचे पत्र आले आहे. गेल्या महिन्यात त्याच्या आईवडिलांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव झाला. त्या सोहळ्याची छायाचित्रे व चित्रफिती जतन करावयाच्या म्हणून त्याने लष्करच्या बाजारातून पाचशे जीबीची डिस्क विकत घेतली. घरी येऊन ती संगणकाला जोडतो तो काय, पडद्यावर आकडा 465! "दुकानदाराने मला उघड उघड लुबाडले. रविवारी चारचौघांदेखत त्याला चोर म्हणणार आहे," असे तो संतापाने लिहितो.

बाबा रे, रविवारपर्यंत अवकाश आहे, तेवढ्यात हे वाच. सातवी आज्ञा त्या दुकानदाराने मोडली की आठवी तू मोडणार आहेस, याचा निवाडा थोड्याशा गणिताने होण्यासारखा आहे.

डिस्क बनविणारा कारखानदार 'गिगा' म्हणजे शंभर कोटी असे धरतो. किलोग्रॅममधील 'किलो' हजाराचा, त्याच हिशेबाचा हा गिगा. म्हणजे पाचशे जीबी म्हणजे पन्नास हजार कोटी बाइट, आणि तितके बाइट तो खरोखरच देतो. संगणकाची रीत मात्र निराळी. त्याच्या अंतःस्मृतीतील प्रत्येक तारेला दोनच अवस्था ठाऊक असतात. अशा दहा तारांनी 1024 जागा दाखविता येतात, हजार नव्हे. हजाराच्या इतक्या जवळचा आकडा आयता मिळाल्याने जुन्या अभियंत्यांनी त्यालाच 'किलो' म्हणण्याचा सैलपणा केला. मग 1024 ला 1024 ने दोनदा गुणून त्यांचा 'गिगा' झाला 107 कोटी 37 लक्ष 41 हजार 824. पन्नास हजार कोटींना या आकड्याने भागून पाहा. उत्तर येते 465 आणि वर थोडे. डिस्कच्या पृष्ठभागावर मात्र लहान लहान खंड कितीही पाडता येतात. तेथे 1024 च्या पटीची सक्ती नाही. म्हणून कारखानदाराने दशमानाची वाट धरली. मोठा आकडा वेष्टनावर शोभतो, हेही त्याच्या ध्यानात आले नसेल असे मला वाटत नाही.

तू राहतोस त्या गावीच या प्रश्नाचा एक जुना धडा दगडावर कोरलेला आहे. किल्ला चढताना वाटेत चतुर्भुजाचे लहानसे कोरीव देऊळ लागते. तेथील लेख इ. स. 876 चा असून त्यातील शून्याच्या चिन्हासाठी जगभरचे गणिती तो पाहावयास येतात. नगराने देवळाला फुलबागेसाठी जमीन दिली, तिची लांबी 270 हात, रुंदी 187 हात. ही मापे शब्दांत लिहून पुन्हा अंकांतही दिली आहेत. इतकेच नव्हे, तर कोणता हात तेही सांगितले आहे: 'पारमेश्वरीय हस्त', म्हणजे राजाने ठरविलेला हात, असा अर्थ अभ्यासक लावतात. माणसामाणसाचा हात लहानमोठा असतो, हे त्या लेखकाला पुरते ठाऊक होते. डिस्कच्या वेष्टनावर 'कोणता गिगा' हे कित्येकदा इतक्या बारीक अक्षरांत असते की आपल्या आजीला चष्मा लावूनही दिसू नये.

आपल्याकडेही एकाच नावाची दोन मापे नांदत होतीच. बंगाली मण सुमारे 82 पौंडांचा, तर मुंबईचा मण अवघा 28 पौंडांचा. 1956 च्या कायद्याने दशमान वजने आली, तेव्हा कुठे हा गोंधळ निवळू लागला. संगणकाच्या जगातही 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने 1024 च्या मापांना 'किबि', 'मेबि', 'गिबि' अशी वेगळी नावे दिली. पण ती लोकांच्या तोंडी काही बसली नाहीत. अमेरिकेत ग्राहकांनी खटले भरले आणि 2006 व 2007 साली दोन मोठ्या कारखानदारांनी तडजोड केली. सर्वांत गंमत जुन्या फ्लॉपीची: तिच्या '1.44 एमबी'मधला मेगा ना दशलक्षाचा, ना 1024 वेळा 1024 चा. तो होता 1000 गुणिले 1024, दोन्ही घरचा पाहुणा!

माप जितके मोठे तितकी तूट मोठी: किलोला शेकडा अडीचच्याही आत, गिगाला जवळजवळ सात, टेराला नऊ. मोबाइलमध्ये जागा आणखी कमी दिसते, पण तेथे कारण दुसरेही असते. त्याची स्वतःची कार्यप्रणाली त्याच जागेत बिऱ्हाड करून असते.

तेव्हा आता असे कर. संगणकावर डिस्कच्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघड. तेथे जीबीच्या शेजारी एकूण बाइटांचा लांबलचक आकडा असतो, तो वाच. तो पन्नास हजार कोटींच्या आसपास असेल तर दुकानदाराचे तुझ्याकडे काही लागत नाही, तुझेही त्याच्याकडे नाही. पुष्कळ कमी असेल तर पावती घेऊन जा, पण जाताना आवाज घरी ठेव. आणि दोन्ही प्रकारांत त्या छायाचित्रांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर करून गावी आईकडे पाठव. डिस्क पडली की पाचशेही जातात आणि चारशे पासष्टही.